सर्पगंधेची मुळी आणि मेंदूतील रसायने

बिहारच्या खेड्यापाड्यांतून एक वाळलेली, करड्या सालीची, चवीला अत्यंत कडू अशी मुळी 'पागल की दवा' या नावाने पिढ्यान्‌पिढ्या विकली जात असे. आकांत करणाऱ्या तान्ह्या मुलाला निजविण्यासाठी आया ती उगाळून देत. ज्यांची झोप उडाली आहे असे वृद्ध ती घेत. आणि ज्याला वेडाचा झटका येऊन आवरता आवरत नाही अशा माणसाला घरची मंडळी तिचे चूर्ण चारीत. संस्कृतात या वनस्पतीला सर्पगंधा म्हणतात. सापाच्या विषावर उतारा म्हणूनही तिची ख्याती होती. ती ख्याती कितपत खरी होती हा प्रश्न वेगळा. परंतु वेडावर ही मुळी चालते ही जी लोकसमजूत होती ती मात्र खरी ठरली. नुसती खरी ठरली असे नव्हे, तर मानवी मेंदूचा कारभार कोणत्या द्रव्यांच्या बळावर चालतो याचा शोध लागण्यास ही कडू मुळी निमित्त झाली.

पाश्चात्य वनस्पतिशास्त्रात तिचे नाव राउवोल्फिया सर्पेंटिना. लिओनहार्ट राउवोल्फ हा सोळाव्या शतकातील जर्मनीच्या आउग्सबुर्ग गावचा वैद्य. औषधी वनस्पतींच्या शोधात तो सीरिया आणि इराक या प्रदेशांत हिंडला. हिंदुस्थानात तो कधी आला नाही आणि ही वनस्पती त्याच्या दृष्टीसही पडली नसावी. त्याच्या मरणानंतर शतकभराने प्ल्युमिए नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या स्मरणार्थ एका वनस्पतिकुलाला हे नाव दिले आणि पुढे सर्पगंधा त्या कुलात जाऊन पडली. ज्यांनी तिला खरोखर पाहिले होते त्यांच्या वाट्याला हा मान आला नाही. गोव्यात राहून इकडील औषधींचा अभ्यास करणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. त्यात सर्पदंशावरील ज्या मुळ्यांचे वर्णन आहे त्यांपैकी एक सर्पगंधाच असावी असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे.

आधुनिक विज्ञानाच्या दारात ही मुळी आली ती १९३१ साली, आणि तीही एकाच वर्षी दोन दारांनी. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिच्या चूर्णाचा रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. वीस ते तीस ग्रेन चूर्ण दिवसातून दोन वेळा दिले असता रोग्याला झोप लागते, त्याचा रक्तदाब उतरतो आणि त्याचा हिंसक आवेश ओसरतो, असे त्यांनी लिहिले. वेड आणि रक्तदाब हे दोन्ही विकार एकाच औषधाच्या कक्षेत येतात, ही या लेखातील खरी महत्त्वाची गोष्ट होती. परंतु लेख भारतीय नियतकालिकात होता. युरोपात तो वाचणार कोण? त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजातील संशोधनशाळेत सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून स्फटिकरूप अल्कलॉइडे वेगळी काढली. त्यांतील एकाला त्यांनी आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ 'अजमलिन' असे नाव दिले. ही द्रव्ये निर्मळ होती, सुंदर स्फटिकांत येत होती. पण मुळीचा निद्राकारक गुण त्यांत उतरला नव्हता. तो गुण मागे राहिलेल्या चिकट, राळेसारख्या गाळात आहे, हे पुढील दशकात आपल्याकडील संशोधकांच्या ध्यानी आले होते. गाळातून स्फटिक काढण्याचे काम मात्र तेव्हा येथे झाले नाही.

मध्यंतरी या औषधाला जगाच्या नजरेस आणण्याचे श्रेय मुंबईकडे जाते. किंग एडवर्ड मेमोरियल रुग्णालयातील हृद्रोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर केलेल्या सर्पगंधेच्या उपचारांची हकीकत प्रसिद्ध केली. हा लेख वाचला गेला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून औषध मागवून आपल्या रोग्यांना दिले आणि त्यांना तोच अनुभव आला; शिवाय हे रोगी केवळ रक्तदाबाने उतरत नाहीत, ते मनानेही निवांत होतात, अशी नोंद त्यांनी केली. स्वित्झर्लंडमधील बाझल येथील सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी १९५२ साली त्या उपेक्षित गाळातून एक शुद्ध स्फटिकरूप द्रव्य काढले. त्याचे नाव रेसर्पिन. मिलिग्रॅमच्या हिशेबात दिले तरी मुळीचा सारा गुण दाखविणारे हे द्रव्य होते. न्यू यॉर्कजवळील रॉकलंड येथील सरकारी मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी ते शेकडो रुग्णांना देऊन १९५४ साली आपला अनुभव जाहीर केला. डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले. त्यात क्लाइन यांच्यासह इतरही सहभागी होते. १९५८ साली भारत सरकारने डॉ. वकील यांना पद्मभूषण दिले.

येथवरची कथा औषधाची झाली. खरे कोडे यापुढे आहे. एखादे द्रव्य पोटात गेल्यावर माणसाचा क्षोभ शमतो, त्याची भीती निवळते, याचा अर्थ काय? ते द्रव्य मेंदूत जाऊन नेमके काय करते?

त्या काळी या प्रश्नाला उत्तर देण्याची साधनेच अपुरी होती. मेंदूचे रासायनिक पृथक्करण करण्याचा पहिला भगीरथ प्रयत्न लंडनमध्ये स्थायिक झालेले जर्मन वैद्य थुडिखुम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात केला होता. मेंदूतील स्निग्ध द्रव्ये एकेक करून त्यांनी अलग केली आणि १८८४ साली मेंदूच्या रासायनिक घटनेवर ग्रंथ लिहिला. त्यांना सापडलेल्या एका द्रव्याचे गूढ उकलेना, म्हणून कूटप्रश्न घालणाऱ्या ग्रीक पुराणातील स्फिंक्सवरून त्याला त्यांनी 'स्फिंगोसिन' हे नाव दिले. मेंदूच्या विकारांची कारणे एक दिवस रसायनशास्त्रात सापडतील ही त्यांची श्रद्धा होती. समकालीनांनी त्यांची टवाळी केली. १९०१ साली ते वारले तेव्हा या विद्येला वारस उरला नव्हता.

पुढे वाद उभा राहिला तो निराळ्याच स्वरूपात. एका मज्जातंतूचा संदेश दुसऱ्यापर्यंत कसा पोहोचतो? विजेच्या ठिणगीने, की एखाद्या रसायनाच्या थेंबाने? ऑस्ट्रियातील ग्राट्झ येथे ऑटो लोवी यांनी १९२१ साली बेडकाच्या हृदयावर केलेला प्रयोग प्रसिद्धच आहे. एका हृदयाची गती मंदावणारा मज्जातंतू उद्दीपित करायचा आणि त्या हृदयाभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडायचा. तेव्हा दुसरे हृदयही मंदावले. त्या द्रवात काहीतरी द्रव्य उतरले होते हे उघड झाले. लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना १९३६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. तथापि हे सारे हृदय, ग्रंथी, स्नायू यांच्यापुरते मान्य झाले. मेंदू ही वेगळी बाब. तेथे विचारांच्या वेगाने काम चालते, तेथे रसायनांची संथ देवघेव कशी पुरी पडेल, असे विद्वानांना वाटे. पन्नाशीच्या सुरुवातीपर्यंत हे मत बळकट होते.

त्याला पहिला धक्का बसला तो सेरोटोनिनमुळे. रक्तवाहिन्या आकुंचित करणारे हे द्रव्य १९४८ साली रक्तातून वेगळे काढण्यात आले होते. १९५३ साली बेटी ट्वारोग आणि अर्व्हाइन पेज यांना ते मेंदूत सापडले. मेंदूत ते काय करीत होते? अमेरिकेतील बेथेस्डा येथील राष्ट्रीय आरोग्य-संस्थेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत या प्रश्नाचा पाठपुरावा सुरू झाला. तेथे रॉबर्ट बोमन यांनी नवे यंत्र सिद्ध केले होते. कित्येक द्रव्ये विशिष्ट किरणांत धरली असता चमकतात. त्या चमकेवरून त्यांचे अत्यल्प प्रमाणही मोजता यावे अशी त्या यंत्राची रचना होती. ब्रॉडी, प्लेचर आणि शोर यांनी सशांना रेसर्पिन टोचले आणि त्यांचे मेंदू तपासले, तो सेरोटोनिन जवळजवळ नाहीसे झालेले. १९५५ साली हा शोध प्रसिद्ध झाला. मन शांत करणारे औषध आणि मेंदूतील एक ठराविक रसायन यांची गाठ प्रथमच पडली होती.

याच वर्षाच्या उन्हाळ्यात ब्रॉडी यांच्याकडे स्वीडनहून एक ३२ वर्षांचे संशोधक आले. त्यांचे नाव अर्विद कार्लसन. १९२३ साली उप्साला येथे त्यांचा जन्म झाला. वडील इतिहासाचे प्राध्यापक, घरात सारे वातावरण मानव्यविद्यांचे. कार्लसन यांनी वैद्यक निवडले. लुंड विद्यापीठात शरीरातील कॅल्शियमच्या चयापचयावर त्यांनी उत्तम काम केले होते. पण वरच्या जागेसाठी अर्ज केला तेव्हा निवडसमितीने असा निर्वाळा दिला की, कॅल्शियम हा विषय औषधशास्त्राच्या मुख्य प्रवाहात बसत नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. निवडसमित्यांच्या निर्णयांनी विद्येचे नुकसान झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. या निर्णयाने फायदा झाला, कारण कार्लसन यांनी कॅल्शियम सोडून मेंदूची वाट धरली.

बेथेस्डा येथे ते जेमतेम पाच महिने राहिले. या मुदतीत ते नवी मोजणीची विद्या शिकले, आणि एक मतभेदही घेऊन परतले. सेरोटोनिनची रचना पाहता तिच्याशी जवळीक असलेली इतर द्रव्ये, विशेषतः नॉरअ‍ॅड्रेनॅलिन, हीही रेसर्पिनने नाहीशी होत असतील, तीही पाहावीत, असे त्यांनी ब्रॉडी यांना सुचविले. ब्रॉडी यांची सारी भिस्त सेरोटोनिनवर; त्यांना ती वेळेची नासाडी वाटली. शिष्याने गुरूशी वाद घातला नाही. त्याने लुंड येथील ऊतिशास्त्रज्ञ निल्स-ओके हिलार्प यांना पत्र लिहिले आणि आपण परतल्यावर मिळून हे काम करू असे ठरविले. आणि परतताना ते मोजणीचे यंत्र स्वतःसाठी मागवून ठेवले.

लुंड येथे कामाला आरंभ होताच तर्क खरा ठरला. रेसर्पिन दिलेल्या प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथीतील अ‍ॅड्रेनॅलिन आटले होते, मज्जातंतूंतील नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आटले होते. म्हणजे प्राणी निपचित पडतो तो सेरोटोनिन संपल्यामुळे की नॉरअ‍ॅड्रेनॅलिन संपल्यामुळे? याचा निवाडा करण्यासाठी कार्लसन, त्यांची सहकारी मार्गिट लिंडक्विस्ट आणि विद्यार्थी टोर माग्नुसन यांनी एक प्रयोग योजिला, आणि तो इतका साधा आहे की शाळकरी मुलालाही समजावा.

मात्र त्यासाठी शरीर ही द्रव्ये कशी बनविते ते थोडक्यात पाहिले पाहिजे. शरीरातील प्रत्येक रासायनिक पायरीवर एकेक प्रथिन कारागिरासारखे बसलेले असते. त्याला विकर किंवा एन्झाइम म्हणतात. आपण खातो त्या अन्नातील टायरोसिन या अमायनो आम्लापासून एक विकर 'डोपा' नावाचे द्रव्य बनविते. दुसरे विकर डोपाला काट देऊन त्याचे डोपामीन करते. तिसरे डोपामीनचे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन करते. सेरोटोनिनची साखळी वेगळी, तिचा कच्चा मालही वेगळा. आता अडचण अशी की, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन किंवा सेरोटोनिन रक्तात टोचून उपयोग नसतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो आडपडदा आहे त्यातून ती आत शिरत नाहीत. त्यांचा कच्चा माल मात्र शिरतो, आणि आतली विकरे त्याचा पक्का माल करतात.

सशांना रेसर्पिन टोचण्यात आले. ससे जेथे होते तेथेच गोळा होऊन बसले. हालचाल नाही, डोळे अर्धे मिटलेले, कान खाली लोंबलेले. मग काहींना सेरोटोनिनचा कच्चा माल दिला. फरक पडला नाही. काहींना डोपा दिला. पाव तासाच्या आत ससे उठून उभे राहिले, कान ताठ झाले, ते हिंडू लागले. या सशांची दोन छायाचित्रे, आधीचे आणि नंतरचे, मेंदूशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून आजही छापली जातात. हा वृत्तान्त १९५७ साली 'नेचर' साप्ताहिकात आला.

कोणताही उतावळा संशोधक येथे थांबला असता आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हेच उत्तर असे जाहीर करून मोकळा झाला असता. कार्लसन यांनी जाग्या झालेल्या सशांचे मेंदू तपासले. त्यांत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नव्हते. ससे जागे होते, पण ज्यामुळे ते जागे झाले असे मानावयाचे ते द्रव्य परत आलेलेच नव्हते! मग साखळीतील मधली पायरी, डोपामीन, तिच्याकडे दृष्टी वळली. तोवर डोपामीनला कोणी स्वतंत्र किंमत देत नसे. नॉरअ‍ॅड्रेनॅलिन बनताना वाटेत लागणारे ते एक ठाणे, एवढीच त्याची योग्यता. लुंडच्या मंडळींनी ते मोजण्याची रीत बसविली आणि १९५८ साली दाखवून दिले की, मेंदूत डोपामीन सहज आढळते, त्याचे प्रमाण नॉरअ‍ॅड्रेनॅलिनच्या तोडीचे आहे, रेसर्पिनने ते नाहीसे होते आणि डोपा दिल्यावर परत येते. वाटेवरच्या ठाण्यात इतका साठा कशाला असेल? १९५७ साली इंग्लंडमध्ये कॅथलीन माँटेग्यू यांनाही मेंदूत हे द्रव्य आढळले होते, हे येथे सांगणे न्यायाचे होईल.

पुढच्याच वर्षी लुंडच्या बेर्टलर आणि रोझेनग्रेन यांनी आणखी एक पाऊल टाकले. मेंदूच्या तळाशी, हालचालींचे नियमन करणारा जो पट्टेदार भाग आहे, त्यातच डोपामीनचा बहुतेक साठा आहे असे त्यांना दिसले. आता सुटे धागे जुळू लागले. रेसर्पिन मोठ्या प्रमाणात घेणाऱ्या रुग्णांना हात थरथरणे, अंग ताठरणे, चेहरा मुखवट्यासारखा होणे अशी लक्षणे होतात हे डॉक्टरांना ठाऊकच होते; आणि ही हुबेहूब कंपवाताची लक्षणे होती. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली ज्याचे वर्णन केले, आयुर्वेदाला ज्याची ओळख त्याहून फार जुनी, तो कंपवात म्हणजे डोपामीनची टंचाई तर नव्हे?

१९६० साली लंडनमध्ये या विषयावर एक परिषद भरली. त्या क्षेत्रातील सारे धुरीण तेथे होते. पंच्याऐंशीच्या घरात आलेले सर हेन्री डेल अग्रभागी होते. ज्यांनी रासायनिक संदेशवहनाचा सिद्धान्त प्रस्थापित केला त्याच मंडळींनी या वेळी मेंदूच्या बाबतीत तो स्वीकारण्यास नकार दिला. डोपाने जाग्या झालेल्या सशांवर चर्चा झाली, पण डेल यांना डोपा हे एक प्रकारचे विषच वाटत होते. मार्था फोक्त यांच्यासारख्या अत्यंत सावध आणि साक्षेपी विदुषीलाही पुरावा पुरेसा वाटला नाही. यात खोडसाळपणा नव्हता. मेंदूच्या लगद्यात एखादे द्रव्य आहे एवढ्यावरून ते तेथे संदेश वाहते असे सिद्ध होत नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त होता. ते द्रव्य मज्जापेशींतच आहे हे कोणी पाहिले होते?

हे पाहण्याची किमया हिलार्प आणि बेंग्ट फाल्क यांनी साधली. वाळविलेल्या ऊतीच्या पातळ कापांना फॉर्माल्डिहाइडची वाफ दिली असता त्यांतील डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन जंबुपार किरणांखाली हिरवे चमकतात, सेरोटोनिन पिवळे. १९६२ च्या सुमारास सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूतील मज्जापेशी व त्यांचे तंतू हिरव्या दिव्यांच्या माळांसारखे उजळलेले दिसले. जे अनुमान होते ते डोळ्यांना दिसले आणि विरोध हळूहळू मावळला. हिलार्प १९६५ साली, वयाची पन्नाशीही न गाठता, कालवश झाले.

दरम्यान व्हिएन्नात निराळ्याच मार्गाने निर्णय लागला होता. औषधशास्त्रज्ञ ओलेह होर्निकिएविच यांनी कार्लसन यांचे निबंध वाचून ठरविले की, आता ससे पुरे. कंपवाताने मरण पावलेल्या माणसांचेच मेंदू पाहावे. सहकारी हेर्बेर्ट एरिंगर यांच्यासह त्यांनी असे सहा मेंदू मिळविले. परीक्षा रंगाची होती: डोपामीन असेल तर परीक्षानळीत गुलाबी रंग उमटायचा. निरोगी मेंदूच्या अर्कात तो उमटला. कंपवाताच्या मेंदूच्या अर्कात तो जवळजवळ उमटलाच नाही. ही गोष्ट यंत्राने मोजण्यापूर्वीच नुसत्या डोळ्यांना दिसली. १९६० च्या अखेरीस हा निबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला. शतकानुशतके ज्याचे कारण ठाऊक नव्हते अशा मेंदूच्या एका विकाराचे मूळ एका ठराविक रसायनाच्या अभावात सापडले होते. थुडिखुम यांची ऐंशी वर्षांपूर्वीची श्रद्धा येथे फळाला आली असे म्हणता येईल.

होर्निकिएविच यांच्याजवळ थोडासा डोपा होता. तो त्यांनी वृद्ध रुग्णांवर उपचार करणारे मज्जारोगतज्ज्ञ वाल्टर बिर्कमायर यांना देऊ केला. उभयतांत पूर्वीचे काही वितुष्ट होते, त्यामुळे कित्येक महिने ती पुडी तशीच पडून राहिली. अखेर जुलै १९६१ मध्ये ते औषध शिरेतून टोचले गेले. ज्यांना अंथरुणावर उठून बसता येत नव्हते, बसविले तर उभे राहता येत नव्हते, उभे केले तर पाऊल उचलत नव्हते, ते रुग्ण उठून चालू लागले; पुटपुटणारा आवाज स्पष्ट झाला. परिणाम काही तासच टिकला. लुंडच्या सशांचीच ही गोष्ट, पण या वेळी उठून उभी राहिली ती माणसे होती, त्यांना नावे होती, नातेवाईक होते.

त्या काही तासांचे दिवस आणि वर्षे करण्याचे काम अमेरिकेतील जॉर्ज कोत्झियास यांनी केले. अगदी थोड्या मात्रेपासून आरंभ करून ती आठवड्यांच्या क्रमाने वाढवीत न्यायची आणि औषध तोंडाने द्यायचे, ही त्यांची पद्धत १९६७ साली प्रसिद्ध झाली. ग्रॅमच्या हिशेबात डोपा द्यावा लागे, आणि ओकाऱ्यांनी रोगी हैराण होत. कारण पोटात गेलेल्या डोपापैकी बहुतेक भाग मेंदूबाहेरचीच विकरे वाटेत गट्ट करीत. त्यावर उपाय निघाला तोही विकरांच्या अभ्यासातून. मेंदूच्या आडपडद्यातून जे आत शिरू शकत नाही, पण बाहेरच्या विकराला जखडून ठेवते, असे द्रव्य डोपाबरोबर देण्यात येऊ लागले. त्यामुळे मात्रा पुष्कळच कमी पुरू लागली. कंपवातावरील मुख्य औषध म्हणून ही जोडगोळी आजही दिली जाते. ती रोग मुळापासून बरा करीत नाही, आणि काही वर्षांनी तिचा प्रभाव चढउतारांचा होऊ लागतो, हेही नमूद केले पाहिजे.

यात एक गमतीची गोष्ट अशी. कोकणात आणि घाटमाथ्यावर ज्या वेलीच्या शेंगांचा स्पर्शही माणसे टाळतात त्या खाजकुइलीच्या बियांत डोपा विपुल असतो. मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच तो त्या बियांतून वेगळा काढला होता. आयुर्वेदात कपिकच्छू किंवा आत्मगुप्ता या नावाने हे बी वातविकारांवर सांगितलेले आहे. अर्थात त्यावरून प्राचीनांना डोपामीन ठाऊक होते असा दावा करणे पोरकटपणाचे ठरेल. त्यांना गुण ठाऊक होता. कारण ठाऊक नव्हते. सर्पगंधेच्या बाबतीत बिहारमधल्या आयांचीही हीच स्थिती होती.

सर्पगंधेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्यांपैकी काही रुग्ण खोल विषण्णतेत बुडाल्याचे वृत्तान्त पन्नाशीच्या दशकात येऊ लागले. त्याच सुमारास क्षयावरील इप्रोनियाझिड या औषधाने रोगी अकारण उल्हसित होतात असे आढळले. हे औषध मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाच्या विकराला बंद पाडते, आणि ते विकर म्हणजे सेरोटोनिन, डोपामीन आदि द्रव्यांची विल्हेवाट लावणारा झाडूवाला. प्राण्यांना आधी इप्रोनियाझिड देऊन मग रेसर्पिन दिले तर ते निपचित पडण्याऐवजी उलट उत्तेजित होत. यावरून साठा संपला की मन खचते, साठा वाढला की मन उभारी धरते, असे एक सुटसुटीत सूत्र मांडण्यात आले आणि त्यावर औषधांचा मोठा व्यवसायही उभा राहिला. पुढील दशकांतील फेरतपासणीत हे सूत्र तितकेसे सरळ नाही असे दिसून आले. रेसर्पिन घेतलेल्यांपैकी बहुतेकांना तसली विषण्णता येतच नव्हती. कंपवाताच्या बाबतीत जो नितळ निवाडा लागला तसा खिन्नतेच्या बाबतीत आजवर लागलेला नाही.

मग रेसर्पिन करते तरी काय? मज्जापेशीच्या टोकाशी इवल्या इवल्या पिशव्या असतात. त्यांत ही संदेशवाहक द्रव्ये साठविलेली असतात. शेतातले धान्य कणगीत भरावे तसे एक वाहक प्रथिन ही द्रव्ये पिशवीत भरीत असते. रेसर्पिन त्या प्रथिनाला घट्ट बिलगते, जणू कणगीचे तोंड लिंपून टाकते. धान्य खळ्यावरच उघडे पडते आणि पाखरे ते टिपून नेतात. ही पाखरे म्हणजे वर सांगितलेले झाडूवाले विकर. सशांच्या मेंदूत डोपामीन आटले ते असे. या वाहक प्रथिनाची जनुकीय ओळख १९९२ साली पटली. डोपामीन एकदा बाहेर पडून शेजारच्या पेशीवर आदळले की तेथे काय घडते, हे न्यू यॉर्कच्या पॉल ग्रीनगार्ड यांनी उलगडले. तेथील विशिष्ट प्रथिनांना फॉस्फेटचा गट चिकटतो वा सुटतो आणि त्यांचे काम बदलते. ज्या प्रथिनावर त्यांनी विशेष काम केले, ते मेंदूच्या त्याच पट्टेदार भागात दाटलेले असते, जेथे बेर्टलर आणि रोझेनग्रेन यांना डोपामीनचे भांडार सापडले होते.

२००० सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक कार्लसन, ग्रीनगार्ड आणि एरिक कँडेल यांना विभागून मिळाले. होर्निकिएविच यांचे नाव त्यात नव्हते. जगभरच्या दोनशेहून अधिक मेंदूशास्त्रज्ञांनी सह्या करून एक जाहीर पत्र काढले आणि नाराजी व्यक्त केली. कार्लसन २०१८ साली पंच्याण्णवाव्या वर्षी निवर्तले, होर्निकिएविच २०२० साली.

रेसर्पिन आता क्वचितच दिले जाते. रक्तदाबावर आणि मनोविकारांवर त्याहून सोयीची औषधे आली. मुळीसाठी झालेल्या बेसुमार तोडीमुळे रानातली सर्पगंधा इतकी विरळ झाली की, १९९० साली आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत तिचे नाव घालावे लागले. परंतु रेसर्पिनसारखा गुण असलेल्या द्रव्यांच्या शोधात पन्नाशीच्या दशकात बनविलेले टेट्राबेनाझिन हे औषध, हातापायांच्या अनावर हालचाली होणाऱ्या हंटिंग्टनच्या रोगावर, अमेरिकेत २००८ साली मान्य झाले. तेही त्याच वाहक प्रथिनाला अडविते. आणि २०२४ साली अतिशीत नमुन्यांवर इलेक्ट्रॉन-सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या प्रतिमांत ते प्रथिन अणुरेणूंच्या तपशिलासह दिसले, आणि त्याच्या मधल्या पोकळीत, बाहेरच्या बाजूच्या तोंडाशी, रेसर्पिनचा रेणू रुतून बसलेला होता.